वीजचोरीचं बिल हातात आलं, आता दाद मागायची कुठे?

उन्हाळा लागला की या सदराकडे विजेची पत्रं वाढतात. नागपुरात कूलर सुरू होतात, बिलं फुगतात, आणि भरारी पथकंही याच दिवसांत जास्त फिरतात. यावेळची चार पत्रं निवडली आहेत. चौघांचीही गाडी एकाच ठिकाणी अडली आहे. तक्रार कोणाकडे करायची हे कोणी नीट सांगितलं नाही, आणि तोवर कायद्यातल्या मुदती मात्र चालू झाल्या. पहिल्या पत्राला जरा सविस्तर उत्तर दिलं आहे, कारण त्यात बाकीच्यांच्याही बऱ्याच शंका येऊन जातात.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही नंदनवनला राहतो. घर तीन मजली, जिन्याखाली चार मीटर. आमचं मीटर सासूबाईंच्या नावावर आहे, त्यांचं वय ६८. मे महिन्यात सकाळी अकराच्या सुमारास पथक आलं. घरी सासूबाई एकट्याच होत्या. सील तुटलेलं आहे, आत तार टाकली आहे असं म्हणून त्यांनी मीटर काढून नेलं, लाइन कापली आणि कागदांवर सासूबाईंची सही घेतली. घरात पुरुष माणूस नसताना अशी तपासणी चालते का? दोन दिवसांनी ५८,००० रुपयांचं बिल आलं, वर कलम १३५ लिहिलेलं. वेगळ्या कागदावर तडजोडीचे ८,००० रुपये. मागच्या दिवाळीत कंपनीच्याच माणसांनी येऊन मीटर बदललं होतं. आम्ही ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे अर्ज केला, त्यांनी तीन आठवड्यांनी कळवलं की हा विषय आमच्या अधिकारात येत नाही. शेजारचे म्हणतात ग्राहक आयोगात जा. यजमान इतवारीत धान्याच्या दुकानात दिवाणजी आहेत, त्यांचे शेठ म्हणतात लोकअदालतीत अर्धं माफ होते. आणखी एक जण म्हणतात दिवाणी दावा लावा. जो तो वेगळंच सांगून राहिला. पोलीस ठाण्यातूनही एकदा फोन आला. लाइन अजून बंदच आहे, शेजाऱ्यांकडून वायर घेऊन एक पंखा आणि कूलर चालवतो. काय करावं?

उत्तर : ताई, बाकी सगळं नंतर. शेजाऱ्यांकडून घेतलेली ती वायर आजच काढा. ज्या जागेसाठी वीजजोडणी दिली आहे ती सोडून दुसऱ्या जागेत वीज वापरणं हाही कायद्याने ‘अनधिकृत वापर’ आहे. उद्या पथक पुन्हा आलं तर तुमच्यावर माया करणारे शेजारी दुप्पट दराच्या बिलात अडकतील. सासूबाईंना या उन्हात त्रास होतो आहे हे समजतं, पण लाइन परत सुरू करून घ्यायचा सरळ रस्ता कायद्यातच आहे, तो पुढे सांगते.

दुसरी घाईची गोष्ट पोलिसांच्या फोनची. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ खालचा, म्हणजे वीजचोरीचा, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. चोरी सापडल्यावर लाइन कापली, की २४ तासांत पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यायची असा कायद्याचाच दंडक आहे. म्हणजे फोन आला तेव्हा तक्रार झालेली असणार. मीटर सासूबाईंच्या नावावर म्हणून आरोपीही बहुधा त्याच. तेव्हा बिलाचा वाद कुठे न्यायचा यावर आणखी चर्चा करत बसण्याआधी अटकपूर्व जामिनाचा अर्ज करा. सिव्हिल लाइन्सच्या न्यायमंदिरात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. स्त्रियांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नेच दिला आहे. सासूबाईंचं आधार कार्ड, वीजबिल आणि हे सगळे कागद घेऊन जा. ‘आमच्यासारख्यांना कोण विचारणार’ असं म्हणून बायका तिथवर जातच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. गाऱ्हाणे निवारण मंचाने तुम्हाला परत पाठवलं, ते बरोबरच केलं. हा मंच विद्युत अधिनियमाच्याच कलम ४२ खाली ग्राहकांच्या तक्रारींसाठी नेमलेला आहे. चुकीचं रीडिंग, जोडणीला उशीर, बंद मीटरचं सरासरी बिल, अशा गोष्टींत तो फार उपयोगी पडतो. पण राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२० च्या विनियमांत स्पष्ट लिहिलं आहे, की कलम १२६, १२७, १३५ ते १३९, १५२ आणि १६१ खाली येणारी प्रकरणं मंचाने नाकारायची. आधीच्या, २००६ च्या विनियमांतही बंधन होतंच. मंच ज्याला हात लावू शकत नाही, त्यात मंचाच्या वर असलेल्या विद्युत लोकपालांकडे अपील करूनही उपयोग होत नाही.

ग्राहक आयोगाचंही तेच. खूप वर्षं लोक तिकडे जात आणि काही ठिकाणी त्यांना दिलासाही मिळे. मग १ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश पॉवर कॉर्पोरेशन विरुद्ध अनीस अहमद या प्रकरणात विषय मिटवला. वस्तूतला दोष, सेवेतली कमतरता, जास्त किंमत लावणं या गोष्टी ‘तक्रार’ या व्याख्येत बसतात. अनधिकृत वापराचं निर्धारण (म्हणजे त्याची रक्कम ठरवणं) किंवा चोरीचा गुन्हा त्यात बसत नाही, म्हणून ग्राहक मंचाला (आजच्या ग्राहक आयोगाला) तो वाद ऐकता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. तुमच्या शेजाऱ्यांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण तो त्या निकालाआधीच्या काळातला आहे.

लोकअदालतीबद्दल मात्र दिवाणजींचे शेठ अर्धं खरं बोलतात, आणि अर्धं खरं जास्त घातक असतं. ज्या गुन्ह्यात कायद्याने तडजोड होऊच शकत नाही, तो लोकअदालतीत नेता येत नाही. वीजचोरीत मात्र कलम १५२ खाली तडजोड होते. म्हणून चोरीचं प्रकरण लोकअदालतीपुढे येऊ शकतं, राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी अशी प्रकरणं मिटतातही. पण तिथे ‘चोरी झाली की नाही’ याचा निवाडा होत नाही. तुम्ही आणि कंपनी दोघं राजी असाल तर त्या समझोत्यावर शिक्कामोर्तब होतं, राजी नसाल तर प्रकरण होतं तिथे परत जातं. तिथे झालेल्या निवाड्यावर अपीलही नाही. ‘साहेब ऐकून घेतील आणि बिल रद्द करतील’ या आशेने जाणाऱ्यांची तिथे निराशा होते.

याच्या शेजारीच आणखी एक व्यवस्था आहे, स्थायी लोकअदालत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या २००२ च्या दुरुस्तीने ती आली, वीज-पाणी-टपाल अशा सार्वजनिक सेवांच्या वादांसाठी. तिची ताकद साध्या लोकअदालतीपेक्षा जास्त. आधी समेट घडवायचा, आणि समेट फसला तर स्वतः निकालही द्यायचा. दावा न्यायालयात गेलेला नसला तर एक कोटी रुपयांपर्यंतचा वाद तिथे नेता येतो. हे वाचून अनेकांना वाटतं, की मग चोरीच्या बिलाचाही निकाल तिथे लागेल. पण त्याच अधिनियमाच्या कलम २२-क च्या आठव्या पोटकलमातले शब्द नीट पाहायला हवेत. वाद कोणत्याही गुन्ह्याशी संबंधित नसेल तरच तिला निकाल देता येतो. तुमच्या बिलावर १३५ आहे, म्हणजे गुन्हा आला. समेटाचा प्रयत्न होईल, निकाल मिळणार नाही.

उरलं दिवाणी न्यायालय, पण तीही तुमची जागा नव्हे. चोरीच्या प्रकरणात गुन्हाही आणि पैशाची जबाबदारीही ठरवायला कायद्याने विशेष न्यायालय नेमलं आहे. जिल्हा व सत्र न्यायालयातच त्याचं काम चालतं. चोरी झाली का, झाली असेल तर किती रक्कम, हे विद्युत अधिनियमाच्या कलम १५४ खाली तिथे ठरतं. तुमची खरी जागा म्हणजे हे विशेष न्यायालय.

तिथे काय मांडायचं? तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे : दिवाळीत मीटर बदललं होतं. विशेष न्यायालयाने रक्कम ठरवताना दराच्या किमान दुप्पट दर लावायचा, आणि काळ धरायचा तो सापडल्याच्या आधीचे १२ महिने किंवा चोरीचा नेमका काळ, यातला जो कमी असेल तो. जे मीटर दिवाळीत बसलं, त्या मीटरमधली तार दिवाळीच्या आधीची कशी असेल? तुमच्या बिलाची छायाप्रत मी पाहिली, त्यात पूर्ण ३६५ दिवस धरले आहेत. मीटर बदलल्याचा अहवाल कंपनीकडे असतो, त्यावर जुन्या-नव्या मीटरचे आणि सीलचे क्रमांक असतात. त्याची प्रत लेखी मागा. ती येईपर्यंत त्या महिन्याचं वीजबिल शोधून ठेवा, कारण मीटर क्रमांक बदललेला त्यावरही दिसतो.

मग पथकाने तपासणीच्या वेळी लिहिलेल्या स्थळ पाहणी अहवालातला उपकरणांचा तक्ता घ्या. बिलाचं गणित असं मांडतात : भार, गुणिले दिवस, गुणिले रोजचे तास, गुणिले एक ठरावीक गुणांक. तुमच्याकडे दोन कूलर दाखवले आहेत, प्रत्येकी २०० वॉट, रोज १२ तास, वर्षाचे ३६५ दिवस. एका कूलरचे झाले ८७६ युनिट. नागपुरात कोणाचा कूलर डिसेंबरात चालतो? मार्चच्या अखेरीला ताट्या बदलून कूलर खिडकीला लागतो आणि मृग बरसला की बंद होतो. १२० दिवस धरले तर एका कूलरचे २८८ युनिट होतात. दोन कूलर मिळून ११७६ युनिट नुसते कागदावर वाढले आहेत. शिवाय त्या काळात तुम्ही जी बिलं भरली, ते युनिट वजा केले आहेत का तेही तपासा. कूलर जुने असतील तर त्यांच्या मोटारीवरची पट्टी वाचून खरे वॉट लिहून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढा.

वापराचा आलेखही महत्त्वाचा. मीटर बदलण्याआधीचे महिने, त्यानंतरचे महिने, आणि आता नवीन मीटर लागलं की त्यानंतरचे, असे युनिट एका कागदावर ओळीने लिहा. चोरी खरी असती तर मधल्या महिन्यांत युनिट खाली गेलेले दिसले पाहिजेत. ते तसे दिसत नसतील तर तुमच्या वकिलांच्या हातात तो चांगला मुद्दा आहे. कायदा अशा प्रकरणात गृहीतक ग्राहकाविरुद्ध धरतो, म्हणजे कृत्रिम साधन सापडल्याचं सिद्ध झालं तर ते ग्राहकानेच बसवलं असं मानतो. पण ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ असेही शब्द त्यात आहेत. चार कुटुंबांची मीटरं कुलूप नसलेल्या जिन्याखाली आहेत, हे त्यात येतं.

घरात पुरुष नव्हता हा मुद्दा मात्र सोडून द्या. ती अट सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतच्या तपासणीला आहे. सकाळी अकराला घरात राहणारी व्यक्ती हजर होती, तेवढं पुरे. त्याऐवजी हे विचारा, की जप्त केलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत सासूबाईंना दिली का, मीटर त्यांच्यासमोर सीलबंद केलं का, आणि प्रयोगशाळेत उघडलं तेव्हा तुम्हाला बोलावलं का.

लाइनबद्दल. निर्धारित रक्कम भरल्यावर ४८ तासांत पुरवठा सुरू करायचा, असं कलम १३५ (१-अ) सांगतं. ५८,००० एकदम जमत नसतील तर हप्त्यांसाठी लेखी अर्ज द्या. भरताना अर्जावर लिहा, ‘हरकत राखून भरत आहे, चोरी मान्य नाही.’ पुढे विशेष न्यायालयाने रक्कम कमी ठरवली तर जास्तीचे पैसे व्याजासह परत मिळतात.

आता त्या ८,००० रुपयांचं. इथे माणसं सगळ्यात जास्त फसतात. ५८,००० हे विजेचे पैसे, ८,००० ही गुन्ह्याच्या तडजोडीची रक्कम, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरगुती वापरासाठी कायद्याच्या तक्त्यात किलोवॉटमागे ४,००० रुपये आहेत, तुमचा मंजूर भार २ किलोवॉट, म्हणून ८,०००. फक्त विजेचं बिल भरलं तर फौजदारी प्रकरण उभंच राहतं. तडजोडीची रक्कम अधिकृत अधिकाऱ्याने स्वीकारली, तर ते निर्दोष सुटल्यासारखं मानलं जातं आणि खटला चालत नाही. पण ही सवलत एका व्यक्तीला आयुष्यात एकदाच आहे.

माझं मत विचाराल तर स्पष्ट सांगते. माझे वडील वीज मंडळात लाइनमन होते. आकडा टाकलेल्या तारेमुळे खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवावर कसं बेततं, हे मी घरात ऐकत वाढले. त्यामुळे चोरी करणाऱ्याची बाजू मी घेत नाही. तार तुमच्याच घरातल्या कोणी टाकली असेल तर ते मला सांगू नका, वकिलांना सांगा, आणि सरळ तडजोड करून मोकळं व्हा. पण टाकलेली नसेल, तर ६८ वर्षांच्या बाईने नुसत्या भीतीपोटी ही एकदाची सवलत खर्च करू नये. आधी मीटर बदलीचा अहवाल हातात घ्या. तो आला की लोकअदालतीत बसायचं झालं तरी तुम्ही रिकाम्या हाताने बसणार नाही. दिवस कमी करा, कूलरचे युनिट कमी करा, मग किती उरतात त्यावर बोलू, असं तुम्हाला म्हणता येईल.

प्रश्न : मॅडम, मी मानेवाड्यात मेस चालवतो. विद्यार्थ्यांचे चाळीसेक डबे असतात, स्वयंपाक घरीच. मीटर घरगुती. तपासणीनंतर कलम १२६ चं ‘तात्पुरतं निर्धारण’ आलं, ७४,००० रुपये. त्याला वीस दिवस झाले. मला चोर ठरवलं असं वाटून झोप लागत नाही. ओळखीच्या वकिलांनी ग्राहक आयोगात टाकायला कागद तयार केले आहेत. टाकू का?

उत्तर : टाकू नका, भाऊ. आणि आधी मनातलं ओझं उतरवा, तुम्हाला कोणी चोर म्हटलेलं नाही. कलम १२६ हे अनधिकृत वापराचं आहे. घरगुती जोडणी व्यवसायाला वापरली, मंजूर जागेबाहेर वीज नेली, अशा गोष्टी त्यात येतात. इथे पैशाचा हिशेब होतो. सीताराम राइस मिलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हे दोन कलमांमधलं अंतर समजावून सांगितलं : १३५ ला अप्रामाणिक हेतू लागतो, १२६ ला तो लागत नाही. पोलीस, अटक यातलं काही तुमच्या कागदात नाही. वर सांगितलेला अनीस अहमदचा निकाल मात्र १२६ लाही तितकाच लागू आहे. त्यामुळे आयोग तुमची तक्रार दाखल करून घेणार नाही, आणि तिकडे वेळ घालवताना इकडची मुदत निघून जाईल.

तुमच्याकडे दिवस थोडे आहेत. तात्पुरता आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत निर्धारण अधिकाऱ्याने तुमचं म्हणणं ऐकून अंतिम आदेश द्यायचा असतो. तुम्ही अजून लेखी हरकत दिलेली दिसत नाही. ती आजच द्या, सुनावणी मागा, आणि पोच घ्या. अंतिम आदेश पटला नाही तर त्यापासून ३० दिवसांत कलम १२७ खाली अपील करायचं. महाराष्ट्रात ते विद्युत निरीक्षकांकडे जातं. त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते, म्हणजे आकडा तोच राहिला तर ३७,००० ची तयारी ठेवा. या वादात दिवाणी न्यायालयाला कलम १४५ ने मज्जाव आहे. मुदतीत पैसे भरले नाहीत तर वर्षाला १६ टक्के व्याज लागतं, आणि ते दर सहा महिन्यांनी मुद्दलात मिसळतं.

एक सही जपून करा. संमतीने झालेल्या अंतिम आदेशावर अपील नसतं. हप्ते मिळावेत म्हणून कोणी ‘निर्धारण मान्य आहे’ असं लिहून मागत असेल, तर ते वाक्य लिहिताच अपिलाचा हक्क गेला. हप्त्यांचा अर्ज वेगळा द्या, त्यात रक्कम मान्य असल्याचा शब्द नको.

हरकतीत काय लिहाल? घराच्या काही भागात छोटा व्यवसाय करणाऱ्यांना दरपत्रकात एक सवलत ठेवलेली आहे. महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत वापर असेल, तर त्यांना घरगुती दरच लागतो. तुमची वर्षभराची बिलं काढून बेरीज करा. चाळीस डब्यांच्या स्वयंपाकात गॅसच जास्त लागतो, विजेवर मिक्सर आणि फ्रिजच चालत असतील तर तुम्ही त्या मर्यादेत असूही शकता. मोठा डीप फ्रीझर असेल तर मर्यादा ओलांडली असेल. बेरीज आत बसली तर निर्धारण मुळातूनच टिकत नाही, तोच पहिला मुद्दा करा. बसली नाही तर मेस कधी सुरू केली याचा पुरावा द्या, कारण काळ नक्की करता आला तर तेवढाच काळ धरायचा असतो, नाही आला तर मागचे १२ महिने. पहिल्या डब्यांच्या पैशांचे बँकेतले व्यवहार, अन्न परवान्याची नोंदणी, काहीही चालेल. पुढच्या महिन्यात योग्य वर्गात जोडणी बदलून घ्यायचा अर्जही लगेच द्या.

प्रश्न : हिंगणा रोडला माझं स्टेशनरीचं छोटं दुकान आहे. कंपनीने मीटर तपासलं, ते ४० टक्के हळू फिरत होतं असं निघालं. सील शाबूत असल्याचं अहवालातच लिहिलं आहे. तरी दोन वर्षांच्या फरकाचं बिल दिलं आणि तोंडी म्हणतात, ‘गाऱ्हाणे मंचात जाऊ नका, हे चोरीतच धरलं जाईल.’ खरं आहे का?

उत्तर : नाही. तोंडी शब्दाने चोरी होत नाही. तुमच्या बिलावर १२६ नाही, १३५ नाही, सील शाबूत असल्याचं त्यांनीच लिहून दिलं आहे. हा सदोष मीटरचा विषय आहे आणि तो मंचाच्याच अधिकारातला आहे. वीज पुरवठा संहितेप्रमाणे सदोष मीटरच्या बिलातली दुरुस्ती चाचणीच्या निकालाप्रमाणे, आणि वाद निघाला त्या महिन्याच्या आधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरती करायची असते. दोन वर्षं कुठून आणली हे त्यांना लेखी विचारा. उत्तर पटलं नाही की मंचाकडे अर्ज करा. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तो करावा लागतो. मंचाचा आदेश विरुद्ध गेला तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येतं. विदर्भातल्या लोकांचं यात एक सुदैव आहे. राज्यात विद्युत लोकपालांची कार्यालयं मुंबईत आणि नागपुरात आहेत, त्यामुळे तुम्हाला मुंबईची वारी नको.

अर्ज करताना चाचणी अहवालाची प्रत सगळ्यात वर लावा आणि ‘सील शाबूत’ ही ओळ अधोरेखित करा. मंचाला पहिल्याच पानावर कळलं पाहिजे की हे प्रकरण त्यांच्याकडचंच आहे. कंपनीने नंतर उत्तरात अचानक १२६ चा उल्लेख केला, तर विचारा की तात्पुरता आदेश कुठे आहे, निर्धारण अधिकारी कोण, सुनावणी कधी झाली. ही रीत पाळलेली नसेल तर नुसतं कलमाचं नाव घेऊन मंचाचा अधिकार काढून घेता येऊ नये, असं माझं ठाम मत आहे, आणि तुम्ही ते मंचापुढे आग्रहाने मांडा.

प्रश्न : जरीपटक्यात आमच्या घरी पथक येऊन गेलं. अजून बिल आलेलं नाही. एक जण घरी येऊन म्हणाला, १५,००० रोख द्या, कागद पुढे जाणार नाही. वडील देऊन टाकू म्हणतात. द्यावे का?

उत्तर : देऊ नका, आणि वडिलांना हे उत्तर वाचून दाखवा. कलम १५२ ची तडजोड शासनाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यासमोरच होते आणि तिची पावती मिळते. घरी येऊन रोख नेणाऱ्याला ती करता येत नाही. पैसे गेले तरी पंचनामा तसाच राहतो, आणि दुसऱ्या दिवशी बिल आलं तर तुम्ही कोणाकडे बोट दाखवणार? लाच देणाराही कायद्यापुढे दोषी धरला जाऊ शकतो, तेही लक्षात ठेवा. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. माणूस पुन्हा येण्याआधी तिथे बोला, मग तो आल्यावर काय करायचं ते तेच सांगतील. दरम्यान उपविभागाच्या कार्यालयात जाऊन स्थळ पाहणी अहवालाची प्रत लेखी मागा. त्यावर १२६ आहे की १३५ ते मला कळवा, पुढचं त्यावर सांगते.